सिंहासनाखालचा श्रोता

आमच्या घराण्यात गाण्याचा आजार आजवर कुणाला झाला नव्हता. रक्तदाब आहे, साखर आहे, एका आत्याला नेमकं चतुर्थीच्या दिवशी भांडण काढायची सवय आहे. पण गाणं नव्हतं. ते धाकट्या भावाच्या मुलाला झालं. लागण कधी आणि कुठे झाली तेही पक्कं माहीत आहे, कारण तिकिटाची छापील प्रत मी पुरावा म्हणून जपून ठेवली आहे : १८ जानेवारी २०२५, नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, कोल्डप्ले.

शुक्रवारी रात्री संभाजीनगरहून ट्रॅव्हल्सच्या गाडीत बसला तेव्हा तो बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी होता. रविवारी दुपारी उतरला तो संगीतकार. मधल्या दीड दिवसात काय घडलं ते त्याने वरणभात कालवत सांगितलं. प्रत्येकाच्या मनगटात एक पट्टा बांधतात म्हणे, आणि गाणं सुरू झालं की हजारो पट्टे एकदम लाल होतात, एकदम निळे होतात. (ठरल्या वेळी हजारो माणसांनी एकसारखं वागायचं, हे आम्ही बायोमेट्रिक हजेरीत सोसलं आहे. तेव्हा कुणाला प्रेरणा झाल्याचं आठवत नाही.) शिवाय त्या इंग्रज गायकाने लोकांचं स्वागत मराठीतून केलं. हे सांगताना पोराचे डोळे भरून आले. त्याची आई त्याला वीस वर्षं रोज सकाळी मराठीतूनच उठवते आहे, त्याचं काही नाही.

आठवड्याभरात घरात एक जुनी गिटार आली. नंतरच्या आठवड्यात त्याच्या आईला कुकरच्या शिट्ट्या मोजता येईनात. भात एक दिवस कच्चा, एक दिवस गिचका. शेवटी तिने मला फोन केला. "दादा, तुम्हीच समजावा त्याला. तुमचं ऐकेल."

मी बत्तीस वर्षं सरकारी लेखा शाखेत काढली. दुसऱ्यांची बिलं तपासणाऱ्याला दुसऱ्यांची डोकीही तपासता येतात, असा आमच्या घरात समज आहे. मी तो कधी दूर केलेला नाही.

पोरगं तयारीत आलं होतं. "काका, ४ जून १९७६ला मँचेस्टरच्या एका हॉलमध्ये सेक्स पिस्टल्सचा शो झाला..." बँडचं नाव ऐकून त्याची काकू चहा ठेवायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मुद्दा असा होता की त्या शोला जेमतेम चाळीसेक माणसं होती, पण त्यातून पुढे कितीतरी संगीतकार निघाले. पीटर हूक नावाच्या एकाने तर दुसऱ्याच दिवशी बेस गिटार विकत आणली, आणि त्यातून जॉय डिव्हिजन हा बँड उभा राहिला. आता इंग्लंडात अर्धं गाव सांगतं की त्या रात्री आपण तिथे होतो.

हे मात्र मला पटलं. आपल्याकडेही जुन्या गाजलेल्या मैफलींच्या पहिल्या रांगेत आजवर जेवढी माणसं बसली आहेत, तेवढ्यांना पुरेल इतकी सतरंजी महाराष्ट्रात विणली गेलेली नाही.

"आणि आपल्याकडे?" मी विचारलं. त्याच्याकडे तेही होतं. मुंबईचं रंगभवन, तिथे १९८० साली आलेला 'पोलीस' नावाचा बँड, १९८६पासूनचा 'इंडिपेंडन्स रॉक'. नंतर शांतता क्षेत्राचे नियम आले आणि रंगभवनातला आवाज गेला. सगळं मुंबईचं. "आपल्या इथे काहीच झालं नाही ना काका," तो म्हणाला. "इथे काय आहे? नुसते दगड."

हे वाक्य त्याने बोलायला नको होतं. "उद्या सकाळी साडेसहाला तयार राहा," मी म्हणालो. "तुला रॉक दाखवतो."

संभाजीनगरहून दौलताबाद पंधरा किलोमीटर. छावणी सोडली, मिटमिटा गेलं, शरणापूरच्या पुढे किल्ला दिसायला लागला. स्कूटर कडेला घेतली. काळ्या पाषाणाचा एकच डोंगर, सपाटीतून दोनशे मीटर उठलेला, आणि त्याचा खालचा भाग चारी बाजूंनी ताशीव, भिंतीसारखा उभा कापलेला. त्या कड्यावर पालसुद्धा ठरत नाही, असं गाइड लोक सांगतात. पाल चढवून पाहिल्याचं अजून कुणी सांगितलेलं नाही.

"हा रॉक," मी म्हणालो. "साडेसहा कोटी वर्षांचा."

"डेक्कन ट्रॅप," पोरगं म्हणालं. "ट्रॅप नावाचं एक म्युझिकही असतं, काका."

मी स्कूटरला किक मारली. नव्या पिढीला कोट्या सुचायला लागल्या की मोठ्यांनी निघावं.

तिकीट काढून, तोफा बघून आम्ही चाँद मिनारच्या सावलीत बसलो. साठ मीटरहून उंच मिनार, पंधराव्या शतकातला. आणि मी माझा हुकमी पत्ता काढला. या किल्ल्याचं नाव देवगिरी होतं आणि सिंघण यादव राज्य करत होता, तेव्हा, म्हणजे तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, इथे शार्ङ्गदेव नावाचा एक माणूस नोकरीला होता. त्याचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले. त्याने 'संगीतरत्नाकर' लिहिला. हिंदुस्थानी असो की कर्नाटकी, संगीतशास्त्राचा कुणी अभ्यासक असा नाही ज्याला या ग्रंथाला वळसा घालून पुढे जाता येईल.

"ठीक आहे," पोरगं म्हणालं. "मोठा गायक असेल."

"गायक कसला? अकाउंट्सला होता."

खरंच होता. शार्ङ्गदेवाचं पद 'श्रीकरणाधिप'. सोप्या मराठीत, यादवांच्या हिशेबखात्याचा मुख्य. हे मला निवृत्तीनंतर कळलं आणि तेव्हापासून मी ताठ चालतो. दिवसा ताळेबंद आणि रात्री तालाध्याय! ग्रंथही कसा लिहिलाय पाहा : सात अध्याय. स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य, नर्तन. प्रत्येक बाब आपापल्या शीर्षाखाली. असा ग्रंथ एखाद्या कलंदर गवयाकडून होणे नाही. तिथे हेड क्लार्कच लागतो. हा गृहस्थ स्वतःला 'निःशंक' म्हणवून घेई. हिशेबखात्यातला माणूस आणि निःशंक, एवढी एकच गोष्ट मला त्याच्याबाबतीत खटकते.

ग. ह. तारळेकरांनी केलेलं त्याचं मराठी भाषांतर मी सोबत नेलं होतं. (डब्यात पोळ्या होत्या, पिशवीत शार्ङ्गदेव.) त्यातल्या प्रकीर्णकाध्यायात गायकाचे पंचवीस दोष दिलेले आहेत. चांगल्या ऑडिट पार्टीलासुद्धा एका फेरीत पंचवीस आक्षेप काढणं जमत नाही. दात आवळून गातो तो 'संदष्ट'. भयंकर तोंड वासतो तो 'कराली'. कावळ्यासारखा आवाज काढतो तो 'काकी'. उंटासारखी मान वर करून गातो तो 'करभ'. ज्याच्या गळ्याच्या आणि कपाळाच्या शिरा फुगतात तो 'झोंबक', ज्याचे गाल भोपळ्यासारखे फुगतात तो 'तुंबकी'. डोळे मिटून गातो तो 'निमीलक'. नाकातून गातो तो 'सानुनासिक'.

"आता तुझ्या मोबाइलवर त्यांच्यापैकी कुणाचंही गाणं लाव," मी म्हणालो.

त्याने लावलं. कोल्डप्लेचं नव्हे, दुसऱ्या कुठल्या केस वाढवलेल्या मंडळींचं. मी पेन्सिल घेऊन बसलो. पहिल्या दीड मिनिटात अकरा दोष मिळाले. कराली तर इतका स्पष्ट की दाढाही मोजता आल्या असत्या. पण पोरगं नाराज व्हायच्या ऐवजी खूश झालं. "काका, म्हणजे हे सगळं सातशे-आठशे वर्षांपूर्वीसुद्धा होतं!"

आता यावर काय बोलणार? माणूस दोषांची यादी करतो ती समोर बघूनच करतो. देवगिरीत कुणीतरी शिरा फुगवून, तोंड वासून, उंटासारखी मान करून गात असल्याशिवाय आमच्या श्रीकरणाधिपाने ही नोंद कशी घेतली असती? म्हणजे दरबारात त्याने एखादा तरी रॉक कॉन्सर्ट सोसला होता. मी यादी आणली होती पोराला गप्प करायला, आणि पोरगं ती वहीत उतरवून घेत होतं. आपल्या बँडला 'झोंबक' हे नाव कसं वाटेल, असंही त्याने विचारलं.

बँड म्हटल्यावर मला राहवलं नाही. शार्ङ्गदेवाने वृंद किती माणसांचा असावा तेही सांगून ठेवलंय. उत्तम वृंदात चार मुख्य गायक, आठ साथीचे गायक, बारा गायिका, चार बासरीवाले, चार मृदंगवाले. एकूण बत्तीस. मंजूर पदसंख्येचा इतका स्वच्छ तक्ता मी माझ्या नोकरीत पाहिला नाही. पोराच्या बँडमध्ये तोवर दोघे होते, त्यातल्या एकाला आईने ड्रम आणू दिला नव्हता.

मग मी गोपाळ नायकावर आलो. खरं तर याच्याचसाठी त्याला इथवर आणलं होतं.

शार्ङ्गदेवानंतर काही दशकांनी देवगिरीच्या गादीवर रामदेवराय यादव होता आणि त्याच्या दरबारात गोपाळ नायक नावाचा गवई होता. १२९६ साली अलाउद्दीन खिलजी चालून आला. वेढा पडला, धान्याची पोती म्हणून घाईघाईने किल्ल्यात घेतलेली पोती उघडली तर मिठाची निघाली, आणि शरण जावं लागलं अशी कथा आहे. (साठ्याची प्रत्यक्ष तपासणी का करावी, हे मी नव्या कारकुनांना याच उदाहरणावरून शिकवत असे. पोती मोजून चालत नाही, एक तरी फोडून बघावं लागतं.) पुढे गोपाळ नायक दिल्लीच्या दरबारात गेला असं सांगतात. त्याचा थाट असा की हजाराहून जास्त शिष्य, आणि त्याची पालखी तेच खांद्यावर वाहत. गिटारची पिशवी स्वतःच्या पाठीवर घेऊन हिंडणाऱ्या आमच्या चिरंजीवांनी इथे सुस्कारा सोडला.

दिल्लीत तेव्हा अमीर खुस्रो होता. मोठा कवी, गाण्याचा जाणकार, सुलतानाचा लाडका. सुलतानाने गोपाळ नायकाला दरबारात गायला बसवलं आणि खुस्रोला बसवलं सिंहासनाखाली. लपवून. असे सहा दिवस. वर सुलतान, समोर नायक, आणि तख्ताखाली पाय दुमडून बसलेला खुस्रो. सातव्या दिवशी खुस्रो बाहेर आला आणि त्याने गाऊन दाखवलं. गोपाळ नायकाने जे जे गायलं होतं त्याच्या तोडीस तोड त्याच्याकडे तयार होतं, आणि वर म्हणाला, ही तर माझीच चीज! नायक थक्क झाला म्हणतात. थक्क हा शब्द सौम्य आहे. मी असतो तर पोलिसांत गेलो असतो.

ही गोष्ट सापडते ती औरंगजेबाच्या काळातल्या फकीरुल्लाच्या 'रागदर्पण'मध्ये, म्हणजे घटनेनंतर साडेतीनशे वर्षांनी लिहिलेली. साडेतीनशे वर्षांनी सादर केलेलं व्हाउचर मी कधीच पास केलं नसतं. पण ती खोटी आहे असं म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही, कारण इतकी खरी माणसं खोट्या गोष्टीत नसतात. त्या सहा दिवसांत खुस्रोच्या पायाला किती मुंग्या आल्या असतील! शिंक आली असेल तर? सुलतान मध्येच पाय हलवत असेल तर? आणि हे सगळं सोसून तो बसला, ते गाणं सोडवेना म्हणूनच ना? विनातिकीट, वाईट जागा, समोरचं काही दिसत नाही, फक्त ऐकू येतंय. नेरूळला आमच्या पोराची जागा साधारण अशीच होती.

"म्हणजे काका," पोरगं म्हणालं, "रेकॉर्डिंगच केलं की त्याने. चोरून."

"प्रेरणा घेतली."

"फरक काय?"

मी विचार केला. "प्रेरणा म्हणजे अग्रिम रक्कम. ती उचलायला हरकत नाही. पण नंतर पावत्या जोडून समायोजन करावं लागतं."

त्याला कळलं नाही. बी.कॉम.ला हल्ली शिकवतात काय कोण जाणे.

"पण हा शोही दिल्लीलाच झाला," तो पुन्हा मूळपदावर आला. "आपला माणूस, आणि कॉन्सर्ट बाहेरगावी. इथे काय झालं?"

याचं उत्तर इब्न बतूताकडे आहे. १३२७ साली मुहम्मद तुघलकाने राजधानी दिल्लीहून इथे आणली. त्याबद्दल लोक अजून त्याला हसतात. पण संभाजीनगरकराने तरी हसू नये, आमच्याकडे काहीतरी यावं असं वाटणारा तो पहिला आणि बहुधा शेवटचा राज्यकर्ता. पुढे १३४०च्या दशकात मोरोक्कोचा हा प्रवासी दौलताबादला आला. इथल्या तुरुंगातले उंदीर मांजरांहून मोठे असतात आणि मांजरंच त्यांना पाहून पळतात, असं त्याने लिहिलं आहे, त्यावरून माणूस बारीक नजरेचा होता हे कळतं. त्याने दौलताबादेत गाणाऱ्या-नाचणाऱ्यांचा एक सबंध बाजार पाहिला. नाव 'तरबाबाद'. तरब म्हणजे गाणं ऐकून येते ती धुंदी. ओळीने दुकानं, त्यात गालिचे, झोपाळ्यासारखं आसन, त्यावर सजून बसलेली गायिका. बाजाराच्या मधोमध एक मोठा घुमट. तिथे दर गुरुवारी दुपार कलल्यावरच्या नमाजानंतर गवयांचा प्रमुख येऊन बसायचा आणि गायिकांचे ताफे एकामागून एक येऊन त्याच्यासमोर गायचे, सूर्य मावळेपर्यंत. वाटेने जाणारा एक हिंदू राजा इथे मुद्दाम उतरून गाणं ऐकायचा, मुसलमान सुलतानही ऐकायचे.

"दर गुरुवारी?" पोरगं उठून उभं राहिलं. "इथे? दौलताबादला?"

"दर गुरुवारी. आणि सूर्यास्ताला बंद. रात्री दहाची कटकट नाही."

तो बराच वेळ खालच्या गावाकडे बघत राहिला. फाट्यावर पेरूच्या गाड्या लागल्या होत्या.

मग आम्ही अंधारी चढलो. ज्यांनी दौलताबाद पाहिला आहे त्यांना अंधारी सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळणार नाही. खडकाच्या पोटातून वळणं घेत वर जाणारा बोगदा, भर दुपारी मध्यरात्र, उंचसखल पायऱ्या, वटवाघळांचा वास. वरच्या तोंडाशी जाळ करून आत धूर कोंडायची सोय होती. स्टेजवर धूर सोडतात ना, त्याचा दारूगोळा-आवृत्तीतला पूर्वज. पोरगं पुढे, मोबाइलच्या उजेडात. मी मागे, भिंत धरून. आणि भीती वाटली की माणूस करतो तेच मी केलं. गुणगुणायला लागलो.

गुणगुणलो काय, तर आईच्या जात्यावरच्या ओवीची चाल. मी पायाशी निजायचो तेव्हा पहाटे कानावर पडायची ती. शब्द आठवत नाहीत, नुसती चाल. (ओवीची नोंदही शार्ङ्गदेवाने प्रबंधाध्यायात केलेली आहे. या माणसाच्या नजरेतून एकही बाब सुटलेली नाही.) खडकाने ती चाल घेतली आणि दुपटीने परत दिली. माझा आवाज सानुनासिक आहे, आणि बोगद्यात तर काकीही झाला असणार. पण दोन मिनिटं मला तो बरा वाटला. पुढच्या वळणावर पोराने मोबाइलचा दिवा का विझवला हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. वटवाघळं उठू नयेत म्हणून असेल, असं मी समजलो.

उतरल्यावर तिखटमीठ लावून पेरू खाल्ले. परतताना तो एक शब्द बोलला नाही. समजावणीचा परिणाम झाला, असं मी त्याच्या आईला फोनवर कळवलं.

फेब्रुवारीच्या शेवटी त्याच्या कॉलेजचं गॅदरिंग होतं. सगळे गेलो. शेवटून तिसरा कार्यक्रम : 'झोंबक' बँड. तीन पोरं, दोन गिटारी, एक काहोन नावाचं खोकं, ज्यावर बसायचं आणि त्यालाच बडवायचं. दिवे गेले, धूर सुटला. आधी कुठूनतरी पाण्याच्या थेंबासारखा एकेक सूर पडत राहिला आणि मग स्पीकरमधून एक म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. नाकातला, चाचपडत चाललेला, दोन्ही बाजूंनी घुमणारा. माझी बायको माझ्याकडे वळून बघायला लागली. त्या आवाजावर गिटार चढली, मग खोकं, आणि आईची चाल सहाशे पोरांच्या अंगावरून गेली. पोरं उभी राहून ओरडत होती. मी दोष मोजायला पेन्सिल काढली होती ती तशीच हातात राहिली.

निवेदिकेने सांगितलं, संगीत आणि संकल्पना : आमचे चिरंजीव. टाळ्या. पहिलं बक्षीस. त्याची आई रडली आणि म्हणाली, दादा, हे तुमच्यामुळे. बोलली ते तिला वाटलं त्याहून खरं होतं.

घरी येताना मी त्याला गाठलं. "माझा आवाज विचारून घेतला होतास?"

"अग्रिम होतं काका," तो म्हणाला. "समायोजन करतो."

बक्षिसाच्या रकमेतून त्याने मला एक काहोन आणून दिलं आहे. ते दिवाणाशेजारी असतं, त्यावर आम्ही वर्तमानपत्रं ठेवतो. दर गुरुवारी तो आमच्याकडे जेवायला येतो. त्या दिवशी मी आंघोळीच्या वेळीसुद्धा गुणगुणत नाही, आणि इतर दिवशीही आधी दिवाणाखाली वाकून बघतो.